वसईचा वेढा : मातीच्या किल्ल्यापासून टेबलावरील रणांगणापर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत वसई-विरार परिसरातील वाड्यांमध्ये आणि सोसायट्यांच्या आवारांत मातीचे किल्ले उभे राहतात. त्यांपैकी बरेचसे रायगड, प्रतापगड यांच्या धर्तीचे, म्हणजे डोंगरी असतात. दगड-विटांच्या ढिगावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरले की डोंगर तयार होतो आणि त्यावर अळीव पेरले की काही दिवसांत हिरवळ येते. गावातल्याच वसई किल्ल्याला मात्र ही रीत लागू पडत नाही. सुमारे ११० एकरांचा हा कोट सपाट भूमीवर असून त्याच्या तीन बाजूंना पाणी व दलदल होती. येथे जे काही साधायचे, ते तटानेच साधावे लागते.

पहिली अडचण प्रमाणाची. बाजारातील तीन इंची मावळा साडेपाच फुटी माणसाच्या जागी उभा केला, तर प्रमाण एकास बावीस होते. वसईचा तट सुमारे तीस फूट उंच धरल्यास प्रतिकृतीत तो सोळा इंच हवा; आणि संपूर्ण किल्ल्यासाठी जवळजवळ तीस मीटर लांबी-रुंदीचे मैदान लागेल. म्हणून एकच बाजू निवडणे शहाणपणाचे. पाश्चात्त्य देशांत टेबलावरील युद्धखेळाची परंपरा जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात असा खेळ १८२४ पासून शिकवला जाई, तर एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने दिले. या खेळात आज प्रचलित असलेल्या २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांसाठी एकास साठ हे प्रमाण धरता येते. तट सहा इंचांचा होतो आणि चार फुटी टेबलावर २४० फूट लांबीची तटबंदी मावते.

निवड करायची ती सेंट सेबॅस्टियन बुरुजाच्या बाजूची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वेढा घातला, तेव्हा सुरुंगांनी पाडलेल्या खिंडारातून मराठे याच बाजूने आत शिरले. त्या वर्षीच्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. वसईचे बहुतेक बुरूज मराठी किल्ल्यांप्रमाणे गोल नसून बाणाच्या पात्यासारखे कोनाकृती आहेत. गोल बुरुजाच्या पायथ्याशी तोफांच्या माऱ्यातून सुटणारी जागा राहते. कोनाकृती बुरुजाच्या कडांवर शेजारच्या बुरुजावरून सरळ मारा करता येतो. एवढा एक कोन चुकला तरी प्रतिकृती वसईची राहत नाही.

बुरूज दोन भागांत करावा. एक भाग पक्का, दुसरा उचलता येणारा. सुरुंग यशस्वी झाला की सुटा भाग काढून त्या जागी खडीचा उतार ठेवायचा. असा उतार नसेल, तर हल्लेखोर चढणार कसे? सांगाड्यासाठी जाड पुठ्ठा आणि कागदाचा लगदा पुरतो. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आल्याने तो मार्ग तसाही बंद झाला आहे. लगदा ओला असतानाच दगडांचे सांधे काडीने कोरावेत. वाळल्यावर कोरल्यास कडा फुटतात.

रंगकाम घाईने बिघडते. गेरूचा तांबडा तट दिसायला सुरेख, पण येथील दगड काळा आहे. प्रथम काळपट करडा रंग सर्वत्र द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर फिकट करड्या रंगात बुडवलेला कुंचला कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि दगडांच्या उंचवट्यांवर हलकेच फिरवावा. शेवटी पाण्यात अतिशय पातळ केलेला तपकिरी रंग सांध्यांत सोडावा. पायथ्याशी ओलीची हिरवट छटा असावी. तटावर पिंपळाची रोपे नकोत. ती आजच्या अवशेषांवर शोभतात, १७३९ च्या लढत्या किल्ल्यावर नव्हे.

ध्वजाचीही तीच गत. पोर्तुगालचा हिरवा-लाल ध्वज १९११ चा; वेढ्याच्या काळात पांढऱ्या कापडावर राजचिन्ह असे. दिवाळीच्या किल्ल्यात शिवाजी महाराजांना सिंहासनावर बसवण्याचा प्रघात आहे आणि मुलांकडून तो मोडवू नये. वेढ्याचा देखावा करायचा असेल, तर मात्र महाराजांच्या निधनाला ५९ वर्षे झाली होती आणि साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते. मराठ्यांच्या मोर्चात उभी करायची ती चिमाजी आप्पांची मूर्ती. तिचा आकार इतर सैनिकांएवढाच ठेवावा. नाहीतर सहा इंची तट तिच्यापुढे कुंपणासारखा दिसेल.