भूमाहितीस्तर, जलविषयक

जलसाठे, पूररेषा आणि अधिवास यांची स्थाननिश्चित माहिती विषयवार वेगळी ठेवून नकाशावर एकमेकींवर बसवता येईल, अशी रचना.

रॉजर टॉमलिन्सन यांनी 1960 च्या दशकात कॅनडात जमीनवापरासाठी पहिली संगणकीय भूमाहितीप्रणाली उभारली. पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवण्याची पद्धत इयन मॅकहार्ग यांच्या 1969 मधील ग्रंथामुळे नियोजनात रूढ झाली.

नदी रेषेने, तलाव बहुभुजाने, तर उंची आणि पाण्याची व्याप्ती चौकटींच्या जाळ्याने दाखवतात. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांतील चौकट 30 मीटरची असल्याने अरुंद ओढे तीतून निसटतात. पूरस्तर थेट मोजमापातून नव्हे, तर संभाव्यतेतून येतो. महाराष्ट्रात निळी रेषा 25 वर्षांतून, लाल रेषा 100 वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग फसवा आहे : असा पूर दरवर्षी 1 टक्का संभवतो, म्हणजे 30 वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के असते. नदीपात्रात भराव पडला किंवा पूल झाला की रेषा पुन्हा आखावी लागते (पहा : जलविज्ञान, पूरनियंत्रण).

अधिवासस्तराची सीमा सर्वांत संदिग्ध. पाणथळीची कड ऋतूनुसार सरकते. नांदूर मध्यमेश्वर, लोणार व ठाणे खाडी ही महाराष्ट्रातील रामसर स्थळे (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळी) आहेत (पहा : पाणथळ प्रदेश).

बांधकाम परवानगी, स्थलांतर आराखडे आणि पूरविमा यांत हे स्तर वापरतात. अमेरिकेत 1968 च्या पूरविमा कायद्यानंतर पूरनकाशांना विम्याच्या हप्त्याशी जोडण्यात आले.