शिक्षक-विद्यार्थी प्रमाण

शाळेच्या पटावरील विद्यार्थी व तेथे नेमलेले शिक्षक यांच्या संख्यांमधील प्रमाण. वर्गाचा आकार ही याहून वेगळी कल्पना असून एका शिक्षकासमोर एका वेळी प्रत्यक्ष किती मुले बसतात, हे तीवरून कळते. या दोहोंची गल्लत शासकीय धोरणांत वारंवार झालेली आढळते. दहा मुलांच्या एका शाळेत दोन आणि एकशेदहा मुलांच्या दुसऱ्या शाळेत दोन शिक्षक असतील, तर दोन्ही मिळून तीस मुलांस एक शिक्षक असे समाधानकारक प्रमाण निघते. परंतु त्याचा लाभ दुसऱ्या शाळेतील एकाही मुलास होत नाही.

संख्येचा दंडक प्राचीन आहे. पंचवीस मुलांस एक शिक्षक, चाळीस झाल्यास त्यास मदतनीस व पन्नास झाल्यास दोन शिक्षक, असा नियम चौथ्या शतकातील बॅबिलोनियाचे ज्यू धर्मपंडित राव्हा यांच्या नावे तालमूदमध्ये नमूद आहे. औद्योगिक इंग्लंडात मात्र थोड्या खर्चात पुष्कळ मुले शिकविण्याकडे कल होता. मद्रास येथील अनाथालयात अँड्रू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस थोरल्या मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याचा प्रयोग केला. आपल्याकडील पंतोजींच्या शाळांतही अशी रीत होतीच. जोझेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये तीच पद्धत शेकडो मुलांच्या एकाच दालनात राबविली. १८४६ मध्ये उमेदवार शिक्षकांची पद्धत शासनमान्य झाली. तेरा वर्षांचा मुलगा वा मुलगी पाच वर्षे शाळेतच शिकवीत शिकवीत शिक्षक होई.

१८६२ च्या इंग्लंडमधील सुधारित संहितेने शाळेचे अनुदान मुलांची उपस्थिती व वाचन, लेखन आणि अंकगणित यांतील परीक्षा यांवर अवलंबून ठेवले. मुंबई इलाख्यातही परीक्षेच्या निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत काही काळ प्रचारात होती. शाळेचे जीवन हजेरीपटाशी बांधले जाण्याची सुरुवात येथे दिसते. पुढे निकालाची अट गेली, पटाची राहिली.

भारतातील खरी अडचण मोठ्या वर्गांपेक्षा एकशिक्षकी शाळांची होती. हारटॉग समितीने १९२९ मध्ये या शाळांच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले. चार इयत्ता एकट्याने सांभाळणारा शिक्षक आजारी पडला, की शाळाच बंद राही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून खडू-फळा मोहीम निघाली. तिने प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन शिक्षक व दोन खोल्या देण्याचे ठरविले. दोहोंपैकी एक शक्यतो स्त्री असावी, असेही म्हटले. १९९२ च्या सुधारित कार्यक्रमात शंभरांहून अधिक पटाच्या शाळांसाठी तिसऱ्या शिक्षकाची तरतूद झाली. पटाचा विचार न करता किमान संख्या ठरविणे, हे या मोहिमेचे वैशिष्ट्य आजही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये शिक्षकसंख्या कायद्याच्या कक्षेत आली. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार शिक्षक असे कोष्टक त्याच्या अनुसूचीत आहे. सहावी ते आठवीस प्रत्येक वर्गास किमान एक शिक्षक हवा व पस्तीस मुलांमागे एक हे प्रमाणही राखावयाचे आहे. हे प्रमाण जिल्ह्याच्या सरासरीने नव्हे, तर प्रत्येक शाळेत राखावे, हा यातील महत्त्वाचा भाग. तथापि प्राथमिक स्तरावर साठ मुलांच्या शाळेत पाच इयत्ता दोघांनाच वाटून घ्याव्या लागतात. कागदावर तीसास एक असलेला शिक्षक एकाच तासाला दोन-तीन पाठ्यपुस्तके उघडून बसतो. बहुवर्ग अध्यापन हा अपवाद मानून लिहिलेले नियम डोंगराळ भागात नेहमीची स्थिती ठरतात.

महाराष्ट्रात पटावरून पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेस ‘संचमान्यता’ म्हणतात. पट घटला की पद कमी होते व शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. खाजगी अनुदानित शाळांतील अशा शिक्षकांच्या समावेशनाची तरतूद १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत आहे. नोकरी पटावर अवलंबून असल्याने शिक्षक सुटीत घरोघर मुले शोधतात. काही ठिकाणी खोटी नावेही चढविली गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी झालेल्या पटपडताळणीत पटावरील व हजर मुलांतील मोठी तफावत उघडकीस आली. अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत मे २०१२ मध्ये नवीन भरतीवर निर्बंध घालण्यात आले. त्याचा फटका प्रामाणिक शाळांनाही बसला, कारण निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहिल्या.

१५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. कमी पटाच्या शाळांतील पदे जातील, या भीतीने शिक्षकसंघटनांनी त्यास विरोध केला आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला सामुदायिक रजेचे आंदोलन झाले. वाडीवस्तीवरील लहान शाळेचा खर्च दरडोई जास्त येतो, हे शासनाचे म्हणणे हिशेबाने खरे आहे. पण ती शाळा मोडली तर ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जाण्याची वेळ पहिलीतल्या मुलावर येते, आणि हा खर्च संचमान्यतेच्या तक्त्यात कोठेच धरलेला नसतो.