कंपवात आणि होक्स्टनचा डॉक्टर

ज्याच्या नावाने कंपवात आज जगभर ओळखला जातो, त्या जेम्स पार्किन्सनची एके काळी राजाच्या हत्येच्या कटाबद्दल चौकशी झाली होती. वैद्यकाच्या पुस्तकांत ही हकीकत सहसा येत नाही. आम्हां चळवळीतल्या माणसांना मात्र तीच प्रथम सांगावीशी वाटते.

पार्किन्सन लंडनच्या होक्स्टन वस्तीतला. थॉमस हार्डी या जोडे शिवणाऱ्या कारागिराने १७९२ साली काढलेल्या 'लंडन करस्पॉन्डिंग सोसायटी'चा तो सभासद होता. कष्टकऱ्यालाही मत हवे, ही तिची मागणी. 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने तो पत्रके लिही. १७९४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याची जबानी झाली. पुढे कट शाबीत झाला नाही.

साठी ओलांडल्यावर, १८१७ साली, त्याने कंपवातावरील निबंध छापला. रोगी अवघे सहा. काही रस्त्यात गाठ पडलेले, एक तर लांबूनच पाहिलेला. हात स्वस्थ असताना थरथरतो, शरीर पुढे झुकते, तोल जातो आणि चालता चालता माणूस आपोआप धावू लागतो, हे त्याने नेमके टिपले. पॅरिसच्या शार्कोने पुढे दाखविले की, यात अंगातले बळ जातेच असे नाही, हालचाल मंदावते. रोगाला पार्किन्सनचे नाव त्यानेच दिले. मध्यमेंदूतील काळसर पेशी झिजतात, हे १९१९ साली त्रेत्याकॉफने मांडले. त्या पेशींतून मिळणारे डोपामिन रोग्यांच्या मेंदूत कमी पडते, हे १९६० साली व्हिएन्नात सिद्ध झाले. १९६७ साली कोत्झियासने लेव्होडोपाचा भरघोस गुण दाखविला. हालचाल त्याने सुधारते. झीज थांबविणारे औषध मात्र अजून नाही.

मेंदू उघडून पाहण्याची संधी पार्किन्सनला मिळाली नव्हती. वाटेवरच्या माणसाकडे थांबून पाहण्याची सवय तेवढी त्याच्यापाशी होती, आणि ती आपल्यालाही जोडता येईल. हात थरथरतो म्हणून कामगाराला 'पिऊन आलास' असे सुनावून फाटकावरून परत धाडलेले आम्ही पाहिले आहे. अशा वेळी शेजारच्या सोबत्याने एवढे पाहावे: हात काम करताना थरथरतो, की मांडीवर निवांत असताना? पाऊल आखूड पडते का? अक्षर बारीक होत चालले आहे का? मग त्याची बाजू मांडावी, आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्यावे.