घोड्याची चाल आणि माणसाचें पाऊल

कोकणच्या किनाऱ्यावर चांगला घोडा आला तो समुद्रांतून. अरबस्तान व इराणच्या आखातांतून निघणारीं गलबतें शेंकडों वर्षें दक्षिणेंतील राजांसाठीं घोडे आणीत, आणि ते ज्या बंदरांत उतरत त्यांपैकीं एक म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यांतील चौल. इ. स. १४६९ च्या सुमारास रशियांतील त्वेर शहराचा अफनासी निकितिन नांवाचा एक व्यापारी चौलास उतरला, तेव्हां होर्मुझहून आणलेला एकच घोडा त्याच्यापाशीं होता. तो विकून चार पैसे गांठीस बांधावे, एवढाच त्याचा बेत. परंतु जुन्नरास पोहोंचल्यावर तेथील अधिकाऱ्यानें घोडा काढून घेतला, आणि धर्म बदललास तर परत देईन अशी अट घातली. एका खोरासानी सरदारानें रदबदली केल्यामुळें घोडा सुटला व पुढें बिदरला विकला गेला. या देशांत घोड्यांना खिचडी शिजवून घालतात, ही गोष्टहि त्या परदेशी माणसानें आपल्या टिपणांत नमूद करून ठेविली आहे. चौलाशेजारीं रेवदंड्यास आज त्याचें स्मारक आहे.

श्रोतेहो, त्या काळीं घोडा ही एक मोलाची वस्तु होती. पुढें मराठ्यांच्या स्वाऱ्यांत तो शिपायाचा सोबती झाला. सडका झाल्यावर टांग्यास जुंपला गेला. आणि आज अलिबागेस ओहोटीच्या वेळीं तो कुलाबा किल्ल्यापर्यंत प्रवाशांची गाडी ओढतो, किंवा काशीद-मुरुडच्या वाळूवर सुटीस आलेल्या मुलांना पाठीवर घेऊन फिरवितो. व्यापार, युद्ध, वाहतूक आणि करमणूक अशा या चार भूमिका झाल्या. आज मला जी सांगावयाची आहे ती पांचवी: आजारी व अपंग माणसाच्या उपचारांत वैद्याचा मदतनीस म्हणून घोड्यानें मिळविलेलें स्थान.

घोड्याच्या आजारांवर माणसानें केलेल्या उपचारांचें शास्त्र आपल्याकडे फार प्राचीन आहे. शालिहोत्राच्या नांवावर तें चालत आलें आणि त्याचें नांवच त्या विद्येला पडलें. घोड्यानें माणसावर करावयाच्या उपचाराचा इतिहास मात्र बराचसा युरोपांत घडला, आणि त्याचा आरंभ एका अतिशयोक्तीनें झाला. सतराव्या शतकांत लंडनचा नामांकित वैद्य टॉमस सिडनहॅम हा क्षयाच्या रोग्यांना घोड्यावर बसून दूरवर रपेट करण्यास सांगत असे. या रोगावर त्यासारखा गुण दुसऱ्या कशानें क्वचितच येतो असा त्याचा विश्वास होता. त्याच्यामागून १७०५ सालीं फ्रान्सिस फुलर यानें व्यायामाच्या औषधी गुणांवर एक ग्रंथच लिहिला आणि त्यांत अश्वारोहणास मानाचें पान दिलें. १८८२ सालीं रॉबर्ट कॉक यानें क्षयाचे जंतु दाखवून दिले, तेव्हां या समजुतीचा पाया ढासळला. मोकळ्या हवेनें व व्यायामानें रोग्यास हुशारी वाटत असेल. परंतु घोड्याच्या पाठीवर बसून जंतु मरत नाहींत. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतों. कारण घोड्यापासून कोणता लाभ होतो आणि कोणता होत नाहीं, हा विवेक आजच्या आईबापांनाहि तितकाच अगत्याचा आहे.

या विषयास खरें वळण मिळालें तें डेन्मार्कमधील लिस हार्टेल या बाईंमुळें. १९४४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं आणि गरोदरपणांत, त्यांना पोलिओ झाला. मूल सुखरूप जन्मलें. परंतु त्यांचे पाय गुडघ्यांखालीं कायमचे लुळे पडले. त्या पूर्वीपासून निष्णात घोडेस्वार होत्या. लोकांनीं परोपरीनें सांगूनहि त्यांनीं घोडा सोडला नाहीं. दुसऱ्यांनीं उचलून खोगिरावर बसवावें, पडावें आणि पुन्हां बसावें, असा क्रम त्यांनीं चालविला. १९५२ पर्यंत ऑलिंपिकमधील अश्वशिक्षणाची स्पर्धा केवळ लष्करी अधिकाऱ्यांसाठीं होती. त्या वर्षीं हेलसिंकी येथें ती स्त्रियांना प्रथमच खुली झाली. ज्युबिली नांवाच्या आपल्या घोडीवर बसून हार्टेलबाईंनीं तेथें रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदकाचा मानकरी स्वीडनचा हेन्री सेंट सिर यानें त्यांना हात देऊन पदकाच्या चौथऱ्यावर चढविलें. १९५६ सालीं त्यांनीं पुन्हां रौप्यपदक पटकाविलें.

पोलिओनें ज्या घरांतील मुलें लंगडी झालीं अशीं घरें आपल्याकडे थोडीथोडकीं नव्हतीं. २०१४ सालीं भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला, तरी त्या पिढीच्या काठ्या व कुबड्या आपल्या स्मरणांत आहेत. हार्टेलबाईंचे गुडघ्याखालचे पाय घोड्यानें बरे केले नाहींत. जे स्नायु शिल्लक होते त्यांना त्यानें काम दिलें, तोल दिला, आणि ज्या शरीराकडे लोक कींव करून पाहत त्यास एक कर्तबगारी दिली. या उपचाराचें सारें मर्म एवढ्यांत आलें.

आतां हें घडतें कसें तें पाहूं. घोडा संथ पावलांनीं चालत असतां त्याची पाठ एकाच वेळीं तीन दिशांनीं हलते: वर-खालीं, पुढें-मागें आणि डावी-उजवीकडे. या हालचालीबरोबर स्वाराचें कटिस्थान जसें डोलतें, तसेंच तें निरोगी माणूस स्वतःच्या पायांनीं चालतांना डोलत असतें. म्हणजे ज्या मुलास कधीं चालतां आलें नाहीं त्याच्या कंबरेस व पाठीच्या कण्यास घोडा चालण्याचा धडा देतो. प्रत्येक पावलास तोल किंचित् ढळतो, आणि मुलास तो सांवरावा लागतो. मांडीखालचें घोड्याचें अंग आपल्या अंगाहून थोडें अधिक ऊन असल्यानें ताठरलेले स्नायु सैल पडण्यास मदत होते. येथें भरधाव दौड उपयोगाची नाहीं. ज्या वेगासाठीं राजे घोड्याचें मोल मोजीत तो वेग रोग्यास नको आहे. त्याला हवी आहे ती घोड्याची सगळ्यांत संथ चाल.

हार्टेलबाईंच्या उदाहरणानंतर युरोपांत ही पद्धति झपाट्यानें पसरली. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या देशांत १९६० नंतरच्या दशकांत व्यायामोपचारतज्ज्ञांनीं तिला शास्त्रीय शिस्त लाविली; ब्रिटन व अमेरिका येथें १९६९ सालीं अपंगांच्या अश्वारोहणासाठीं राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. त्यापुढें परीक्षेचा काळ आला. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत मेंदूच्या पक्षाघातानें पीडित अशा १५ मुलांचे दोन गट पाडले होते. कांहींना आठ मिनिटें चालत्या घोड्यावर आणि कांहींना तितकाच वेळ स्थिर पिंपावर बसविलें. घोड्यावरच्या मुलांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंचें काम अधिक समतोल झालें. पिंपावरच्यांत तसा फरक दिसला नाहीं. २०१५ सालीं कॉलोरॅडो येथें ६ ते १६ वर्षांच्या १२७ स्वमग्न मुलांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यांत अश्वारोहण करणाऱ्यांची चिडचीड व अतिचंचलता कमी झालेली आढळली, आणि बोलण्यांत अधिक शब्द येऊं लागले. प्रौढांचाहि अनुभव असाच उत्साहवर्धक आहे. मज्जासंस्थेच्या मल्टिपल स्क्लेरॉसिस या विकाराच्या ७० रोग्यांवर जर्मनींत बारा आठवडे हा उपचार झाला, तेव्हां त्यांचा उभें राहण्याचा तोल सुधारला.

परंतु नाण्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. २००९ सालीं ऑस्ट्रेलियांत मेंदूच्या पक्षाघाताच्या ९९ मुलांवर जो मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यांत दहा आठवड्यांच्या अश्वारोहणानंतर हालचालींत किंवा प्रकृतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. यावरून एवढाच निष्कर्ष निघतो कीं घोडा हा औषधोपचारास व नेहमींच्या व्यायामास जोड आहे, त्यांचा पर्याय नव्हे. शिवाय ज्याचा खुब्याचा सांधा निखळलेला आहे, ज्याचीं हाडें ठिसूळ आहेत, ज्याची अपस्मार आटोक्यांत नाहीं, किंवा ज्याच्या मानेचे मणके अस्थिर आहेत, अशास घोड्यावर बसविणें धोक्याचें असतें. वैद्यांचा सल्ला घेतल्यावांचून पाऊल टाकूं नये.

तेव्हां आपल्या किनाऱ्यावरची फेरी आणि हा उपचार यांत अंतर आहे. उपचारास शांत व शिकविलेला घोडा लागतो. लगाम धरून पुढें चालणारा एक, आणि दोहों बाजूंस आधार देणारे दोन मदतनीस लागतात. मूल कसें बसवावें, कोठें थांबवावें, हें ठरविणारा व्यायामोपचारतज्ज्ञ तर सर्वांत आधीं लागतो. त्यांतच घोड्याचें हितहि येतें. उपाशी, जखमी किंवा दिवसभर राबून थकलेला घोडा एकसारखें पाऊल टाकीत नाहीं, आणि ज्याला स्वतःला स्वास्थ्य नाहीं तो दुसऱ्यास काय देणार? मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ सालीं उच्च न्यायालयानें बेकायदेशीर ठरविल्या, त्यामागें घोड्यांच्या हालअपेष्टांचाच प्रश्न होता. चंदी, खरारा, नाल आणि विश्रांति ह्या गोष्टी येथें उपचाराचाच भाग समजल्या पाहिजेत.

आपल्या जिल्ह्यास काय अनुकूल आहे, याचाहि हिशेब करावा. ओहोटीनंतरची सपाट, घट्ट वाळू आहे. घोडा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारीं कुटुंबें आहेत. माथेरानांत तर मोटारींना मज्जाव असल्यानें घोडा आजहि डोंगरावरच्या रोजच्या व्यवहारांत आहे. या घोडेवाल्यांपाशीं जनावर ओळखण्याची जी विद्या आहे ती पुस्तकांतून मिळत नाहीं. उणीव आहे ती या विद्येची आणि वैद्यकाची गांठ घालून देणाऱ्याची. ती गांठ पडली, तर सुटीच्या चार महिन्यांवर पोट भरणाऱ्या घोडेवाल्यास वर्षभराचें, मानाचें काम मिळेल, आणि ज्या मुलाच्या हिंडण्याफिरण्याची हद्द आजवर खाटेपासून खिडकीपर्यंतच होती त्याला उंचावरून समुद्र पाहतां येईल.

साडेपांचशें वर्षांपूर्वीं चौलास उतरलेल्या घोड्याची किंमत तो किती दौडतो यावर ठरत असे. यापुढें जो घोडा अपंग मुलाला पाठीवर घेऊन शंभर पावलें न धसकतां, एका लयींत चालेल, त्याचें मोल आपण त्याहून अधिक धरावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.