आपल्याकडे मिस मार्पल का झाली नाही?

जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी: बोलताना जशी वाक्यं आली तशीच ठेवली आहेत, फक्त मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत. बरेच काढावे लागले.

विषय आहे हौशी गुप्तहेर. पोलीस नाही, फी घेणारा डिटेक्टिव्ह नाही, तर आपल्यातलाच कुणीतरी. गाव छोटं, सगळे एकमेकांना ओळखतात आणि एक दिवस सकाळी कुणीतरी मेलेलं सापडतं. इंग्रजीत या प्रकारची पुस्तकं ढिगानं आहेत. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव. १९३० साली तिची पहिली कादंबरी आली, 'द मर्डर ॲट द व्हिकरेज'. एक म्हातारी, विणकाम, बागकाम, चहा आणि शेजाऱ्यांच्या घडामोडींवर बारीक लक्ष. आता खरं सांगा, हे वर्णन ऐकून तुम्हाला तुमच्या गावची कुणी आजी आठवली नाही? विणकामाच्या जागी वाती वळणं घाला, झालं. कच्चा माल आपल्याकडे भरपूर होता. मग मराठीत मिस मार्पल का झाली नाही? मला हा प्रश्न बरेच दिवस छळतोय.

रहस्यकथा आपल्याकडे कमी होत्या म्हणून नाही झाली, हे आधी स्पष्ट करते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गो. ना. दातार रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी कपडे चढवत होते, आणि लोक त्या रात्र रात्र जागून वाचत होते. त्यानंतर आले बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. परत सांगते, हजारावर. आपण एक सिरीज वीकेंडला संपवली की दमतो. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा मदतनीस छोटू ही त्यांची माणसं. तुमच्या आजोबांसमोर नुसतं 'झुंजार' म्हणून बघा, चेहरा बदलतो की नाही ते सांगा.

पुढच्या पिढीत गुरुनाथ नाईक. त्यांच्याही पुस्तकांचा आकडा हजारावर जातो. गोलंदाज, कॅप्टन दीप ही त्यांची पात्रं. २०२१ मध्ये ते गेले. आणि पुण्याचे सुहास शिरवळकर, ज्यांना तुम्ही 'दुनियादारी'मुळे ओळखता. २०१३ ला सिनेमा आला आणि सगळ्यांना कॉलेजचा कट्टा आठवला, पण याच माणसानं मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास उभे केले होते.

आता या नावांकडे जरा नीट बघा. कॅप्टन. बॅरिस्टर. गोलंदाज. काळापहाड. यातलं कुणी शेजारच्या घरात साखर मागायला जाईल असं वाटतं का? मराठी पॉकेटबुकचा नायक हा मोठ्या शहराचा माणूस आहे. त्याच्याकडे गाडी आहे, पिस्तूल आहे, अंगात धमक आहे. आणि तो वाचला कुठे जात होता? गिरगावातल्या चाळीत आणि तालुक्याच्या गावच्या वाचनालयात, जिथे पुस्तक रोजच्या भाड्यानं मिळायचं आणि संध्याकाळपर्यंत परत करायचं असायचं. ज्याच्या घरी सायकलसुद्धा नाही असा मुलगा मुंबईतला पाठलाग वाचायचा. त्याला स्वतःच्या गल्लीतला खून वाचायचाच नव्हता, आणि मला ते पटतं. गल्ली रोजचीच असते. सुटका हवी म्हणून तर पुस्तक.

पण एवढ्यानं माझं समाधान होत नाही. कारण खऱ्या आयुष्यात महाराष्ट्रातल्या गावांमध्ये गुन्हा शोधणारी गावचीच माणसं होती. चांगली शेकडो वर्षं होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं जिंकलेल्या मुलखाचा एक लांबलचक अहवाल लिहिला. त्यात गावच्या रखवालदाराचं काम वाचण्यासारखं आहे. गावातला प्रत्येक माणूस कसा आहे, काय करतो, हे त्याला माहीत असायला हवं. रात्री गस्त घालायची. चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढायचा. पावलाचं माप काठीवर घ्यायचं आणि माग गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा. तिथून पुढे शेजारच्या गावच्या रखवालदाराच्या हाती काम सोपवायचं. माग ज्या गावात संपेल ते गाव जबाबदार, चोर द्या नाहीतर भरपाई.

हे काम करणाऱ्यांमध्ये पुण्याच्या बाजूला रामोशी मोठ्या संख्येनं होते, इतर ठिकाणी भिल्ल, महार. विचार करा, शेरलॉक होम्स छापून आला १८८७ मध्ये. एडगर ॲलन पोनं रहस्यकथेची सुरुवात केली असं मानतात, ते १८४१ मध्ये. त्याच्या आधीपासून सासवडच्या डोंगरात कुणीतरी काठीवर खूण करून पाऊल मोजत होतं. बूट नाही, भिंग नाही, वॉटसन नाही.

आणि पुढे काय झालं? १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो देशभर लागू होईल असा वाढवला. जन्मानंच माणूस गुन्हेगार ठरवणारा कायदा. हजेरी द्या, गाव सोडू नका. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये तो गेला. महाराष्ट्रात आज विमुक्त जातींची जी यादी आहे, तिच्यात रामोशी हे नाव आहे. 'विमुक्त' हा शब्दच त्या शिक्क्यातून सुटण्याचा आहे. ज्याचं काम चोर शोधायचं, तोच संशयित. गावात चोरी झाली की आधी त्याच्याच वस्तीत पोलीस.

माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे सापडतं. हौशी गुप्तहेराला सगळ्यात आधी काय लागतं? बुद्धी नाही. त्याला प्रत्येक घरात शिरता यायला हवं आणि त्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास हवा. मिस मार्पल कुणाच्याही दिवाणखान्यात जाऊन बसू शकते, आणि ती बोलली की इन्स्पेक्टर ऐकतो. आपल्या गावात आळी वेगळी, विहीर वेगळी, स्मशानसुद्धा वेगळं. वाड्यातल्या आजीला वाड्यातलं सगळं ठाऊक, पण वेशीबाहेर काय चाललंय ते नाही. वेशीबाहेरच्याला दोन्हीकडचं ठाऊक, पण त्याचं ऐकणार कोण? १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यातला पोलीस पाटील आहे, तो गावचाच असतो, गुन्हा कळवणं हे त्याचं कामच आहे. पण पोलीस पाटील नायक असलेली रहस्यमालिका लिहावी असं आपल्या पॉकेटबुकवाल्यांना वाटलं नाही.

मला विचाराल तर मराठी मिस मार्पल व्हायला सगळ्यात लायक बाई होती बोहारीण. जुने कपडे घेऊन भांडी देणारी. नवी मुंबईत वाढलेल्यांपैकी काहींनी तिला पाहिलंही असेल. ती प्रत्येक दारात बसते. कुणाच्या घरातून नवऱ्याचे चांगले शर्ट अचानक निघाले, कुणी जरीची साडी एका पातेल्यावर देऊन टाकली, कुठल्या कपड्यावरचा डाग धुऊनही गेला नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? अख्खी कादंबरी आहे यात. घ्या कुणीतरी लिहायला, मी हक्क मागणार नाही.

प्रत्येक घरात शिरू शकणारा अजून एक जण असतो. लहान मूल. आणि मराठीतला खरा हौशी गुप्तहेर लहान मूलच आहे, ही गोष्ट मला योगायोग वाटत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्या भवनात शिकायला आलेला. हाडकुळा, सायकलवर सुसाट आणि जिभेनं 'ट्टॉक' काढणारा. त्याला कुणी फी देत नाही, त्याच्याकडे पिस्तूल नाही, तो कुणाचा कॅप्टन नाही. त्याला फक्त राहवत नाही. काही खटकलं की निघाला. आणि तो पुण्याचा नाही, फुरसुंगीचा आहे. शहरात आलेला गावचा पोरगा, म्हणून त्याला शहरवाल्यांना न दिसणारं दिसतं. आज फुरसुंगीचं नाव बातम्यांत येतं ते कचरा डेपोमुळे. पण दोन-तीन पिढ्यांना ते गाव माहीत झालं या पोरामुळे.

भागवतांचा जन्म १९१०चा, इंदूरचा. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, 'बालमित्र' मासिक चालवलं. फास्टर फेणेवर १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली, सुमीत राघवन त्यात फेणे होता. २०१७ च्या सिनेमात अमेय वाघ. सिनेमा मला आवडला, पण त्यातला फेणे मेडिकलला जाणारा तरुण आहे, आणि तिथे काहीतरी निसटतं. मोठ्या माणसाला दार उघडताना लोक विचार करतात. पोराला करत नाहीत.

छोट्या गावातले खरे गुन्हे मात्र आपल्याकडे झाले, आणि भयंकर झाले. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात बायका आणि लहान मुलींचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन आणि बळीच्या समजुतींशी ते प्रकरण जोडलं गेलं. तिथे गावातला कुणी हौशी हुशार पुढे आला नाही, भीतीच इतकी होती. तपासाला बाहेरून रमाकांत कुलकर्णी गेले, ज्यांनी १९६८ मध्ये रामन राघवच्या तपासाचं नेतृत्व केलं होतं. त्यांचं आठवणींचं इंग्रजी पुस्तक आहे, त्याच्या नावात पाऊलखुणा आहेत. २०२४ मध्ये यावर सिरीज आली, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ती पाहिल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की इंग्रजी पुस्तकांतला तो गोड, चहा पीत सोडवायचा खून इथल्या मातीत इतका सहज का रुजत नाही.

आता आपल्या नवी मुंबईबद्दल. १९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. सेक्टर, नोड, प्लॉट नंबर. टॉवरमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव आपल्याला दारावरच्या पाटीमुळे कळतं. पण पाच मिनिटं चालत गावठाणात गेलात तर आगरी-कोळी घरांमध्ये कोण कुणाचा कोण, कुणाची जमीन कधी गेली, कुणाला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला आणि कुणाचा अडकला, हे सगळं सगळ्यांना पाठ. एकाच पिनकोडमध्ये एक अनोळखी शहर आणि एक ओळखीचं गाव. रहस्यकथेला याहून चांगली जागा कुठली? आणि दोन्हीकडे जाणारी माणसंही आहेत. सकाळी सहा फ्लॅटमध्ये काम करून संध्याकाळी गावठाणातल्या खोलीत परतणारी ताई. तिला कॅमेऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

तोपर्यंत काय वाचायचं? फास्टर फेणेची पुस्तकं मिळतात. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादात मराठीत आहे, सुंदर आहे. अर्नाळकर-नाईकांचं मात्र अवघड आहे. स्वस्त कागद, पिनांचं बाइंडिंग, आणि समीक्षकांनी कधी साहित्य म्हणून गणलं नाही, त्यामुळे जपून ठेवण्याची तसदीही फार कुणी घेतली नाही. रद्दीत एखादं हाती लागतं तेव्हा वाचनालयाचा शिक्का असतो, पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं (देव त्यांना कधीही माफ न करो) आणि शेवटची पानं गायब.

तर एक काम करा. गावी गेलात की पोटमाळा, ट्रंक, आजोबांचं कपाट बघा. पॉकेटबुक सापडलं तर मुखपृष्ठाचा फोटो काढून मला पाठवा. आणि शेवटचं पान शाबूत असेल तर त्याचाही. माझ्याकडे झुंजारचं एक पुस्तक पडलंय, त्यात दार उघडतं आणि तिथेच पानं संपतात.