लुगडं, गोल साडी आणि ड्रेस



लग्न झालं, मुलं मोठी झाली, मग बाईनं ड्रेस घालावा का? बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आपल्यात चालत नाही." पण आपल्यात काय चालत होतं, आणि ते कधीपासून? त्यासाठी आज आम्ही तुम्हाला मुंबईच्या उपनगरांत नेणार आहोत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथं आपल्याच गावांतून गेलेल्या कितीतरी बायका राहतात. तिथं बाईचा रोजचा कपडा कसा बदलत गेला ते पाहू.

सुरुवात लुगड्यापासून करू. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. अंधेरीजवळचा वेसावा किंवा बोरिवलीपलीकडची गोराई घ्या. तिथल्या कोळणी लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसून चिखलातून, पाण्यातून चालत आल्या. कासोटा घातला की पाय मोकळे, आणि डोक्यावर पाटी असली तरी निऱ्या पायात येत नाहीत. आत परकरही लागत नाही. म्हणजे लुगडं हा कष्टाच्या कामाला सोयीचा कपडा होता.

मग गोल साडी कुठून आली? आज आपण ज्या साडीला परंपरा म्हणतो, त्या नेसण्याच्या पद्धतीची एक गोष्ट मुंबईतलीच आहे. १८६४ साली सत्येंद्रनाथ टागोर हे सरकारी अधिकारी मुंबई इलाख्यात नोकरीवर आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी बंगालमधून त्यांच्यासोबत आल्या. घराबाहेर चारचौघांत जायचं तर काय नेसावं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. मुंबईच्या पारशी बायकांचं नेसणं पाहून त्या शिकल्या. पुढे निऱ्या, आत परकर, अंगात पोलकं आणि पदर डाव्या खांद्यावर. बंगालमध्ये या पद्धतीला मुंबईचंच नाव पडलं आणि पुढे शिकलेल्या घरांमधून असं नेसणं देशभर पसरलं. म्हणजे गोल साडीसुद्धा एके काळी नवीच होती. बाईला घराबाहेर पडायचं होतं, त्या गरजेतून ती आली.

आपल्याकडे लुगडं लगेच गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. कापडाचा एकेक वार मोलाचा झाला, मग नऊ वारांचं लुगडं मिळवणं सोपं कसं असणार? दुसरीकडे उपनगरं वाढत होती. १९२८ साली कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतचा, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेत आला. चाळीतली एक खोली, ठरावीक वेळेचं पाणी, वाळत घालायला एक दांडी. तिथं सव्वाआठ मीटर ओलं सुती कापड पिळायचं म्हणजे मनगट भरून यायचं. सहावारी हलकी पडली. पुढे नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या आल्या, त्या झटक्यात वाळायच्या आणि इस्त्रीही मागायच्या नाहीत. धोका एकच. असं कापड चुलीजवळ पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. म्हणून स्वयंपाक करताना आजही सुतीच बरं.

पंजाबी ड्रेस मुंबईच्या नजरेत भरला तो फाळणीनंतर. १९४७ नंतर मुलुंड आणि सायन कोळीवाड्याच्या छावण्यांत निर्वासित कुटुंबं आली. त्यांच्यातल्या पंजाबी आज्यासुद्धा सलवार-कमीज घालत. आपल्याकडे मात्र तो बराच काळ कॉलेजच्या मुलींचा कपडा राहिला. लग्न झालं की साडी! हे बदलायला लोकल गाडीनं मदत केली. स्टेशनात गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात एका हातात डबा, दुसऱ्या हातात पर्स आणि निऱ्या सांभाळत चढायचं. पदर कुणाच्या पिशवीत अडकला तर जिवावर बेतायचं. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांची लोकल सुरू झाली, यावरूनच नोकरीला जाणाऱ्या किती झाल्या होत्या ते कळतं. "गाडीत साडी अडकते" हे कारण घरात पटवता येत होतं. आधी ड्रेस फक्त ऑफिसला आला, मग बाजारात, मग घरात. गावी जाताना मात्र कित्येकींनी पिशवीत साडी ठेवली आणि गाव जवळ आलं की ती नेसली.

ही कसरत तुमच्या माझ्या घरातली सून आजही करते. म्हणून हा इतिहास सांगितला.

आता कामाचं बोलू. एकाच ड्रेसनं शेत, बँक, बैठक आणि पाहुणे असं सगळं भागवायचं असेल तर सुती कापड घ्या. शिवण्याआधी ते रात्रभर भिजवा, म्हणजे नंतर आटणार नाही. कुडता गुडघ्याखाली असू द्या आणि बाजूची चीर पुरेशी ठेवा, म्हणजे खाली बसता येतं, एसटीतही चढता येतं. कडेच्या शिलाईत दोन बोटं कापड सोडायला सांगा, अंग वाढलं तर उसवता येतं. खिसा मागून घ्या, मोबाईल आणि पैसे राहतात. तीन कुडते आणि त्या तिन्हींवर जातील अशा दोन साध्या रंगांच्या सलवारी घेतल्या तर सहा जोड होतात. चांगल्या जुन्या सहावारीतून एक कुडता आणि ओढणी निघते.

आणि लुगड्याला हसू नका. भातलावणीला आजही त्याच्या तोडीचं काही नाही. लुगडं, साडी, ड्रेस यांतलं काय घालायचं ते काम करणारीनं ठरवावं, एवढंच आमचं म्हणणं.

पुढच्या बैठकीत गटातल्या सर्वांत वडील आजींना एक विचारा: "तुमच्या घरात पहिली गोल साडी कुणी नेसली, आणि तेव्हा लोक काय म्हणाले?" उत्तर सगळ्यांनी मिळून ऐका. सुनांना मुद्दाम पुढे बसवा.