शिकाक, नासूर, बवासीर

उर्दूत मूळव्याधीला बवासीर म्हणतात. शब्द अरबी, एकवचन ‘बासूर’. शायरीत न भरणाऱ्या जखमेसाठी येणारा ‘नासूर’ वैद्यकात भगंदर होतो. आणि आपण ज्याला फिशर म्हणतो ती गुदद्वाराची चीर अरबी ग्रंथांत ‘शिकाक’ आहे. आपल्या घरांत मात्र तिन्हींना एकच नाव, ‘तसलं दुखणं’. शरमेपोटी माणसं, त्यातही बायका, वर्षानुवर्षं सोसतात आणि शेवटी ‘बिना ऑपरेशन’ अशी पाटी लावलेल्या कुणाकडे तरी जातात. तपासणी न करताच औषध मिळतं.

कुर्तुब्याच्या अबुल कासिम अझ-झहरावीला (मृत्यू १०१३) ही शरम नव्हती. त्याच्या ‘अत-तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे, हत्यारांच्या चित्रांसह. त्यात या तिन्ही दुखण्यांवर त्याने सरळ लिहिलंय. चीर बहुधा कोरड्या, कडक शौचामुळे पडते. आधी औषध द्यावं. जुनाट होऊन दाद देत नसेल, तर वरचा निबर थर खरवडून काढावा, म्हणजे ओली जखम भरून येईल. मोडांसाठी कापणं किंवा दोऱ्याने बांधणं. बाराव्या शतकात तोलेदोत जेरार्डने हा भाग लॅटिनमध्ये नेला आणि युरोपचे सर्जन तो शतकानुशतकं वाचत राहिले.

‘सगळं आपल्याच लोकांनी शोधलं’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. झहरावीसमोर सातव्या शतकातल्या ग्रीक वैद्य पॉलचा ग्रंथ होता, त्यातलं त्याने भरपूर घेतलं. आणि चीर का भरत नाही, याचं मुख्य कारण त्याच्याही हाती लागलं नाही.

ते कारण आतल्या स्नायूत होतं. वेदनेने तो आवळतो, रक्तपुरवठा घटतो, चीर तशीच राहते. बाहेर कातडीचा कोंब येतो, आत गाठ. १८३८ मध्ये फ्रान्सच्या रेकामिएने गुदद्वार ताणण्याचा उपाय सांगितला. १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या आयझेनहॅमरने आतल्या स्नायूवर बोट ठेवलं आणि तोच कापायला सांगितला. पण मागच्या बाजूने कापलं की तिथे खाच राहायची, कपडे खराब व्हायचे. १९६९ मध्ये नोटारासने छोट्या छेदातून बाजूने कापण्याची रीत मांडली. आजही तीच मुख्य. कोंब मोठा असेल तर त्याच वेळी काढतात. काहींना नंतर वायू रोखता येत नाही, म्हणून सर्जन आधी चोथायुक्त आहार, कोमट पाण्यात बसणं आणि स्नायू सैल करणारं मलम देतात. औषध आधी, सुरी नंतर, हा झहरावीचा क्रम तेवढा टिकलाय.